बी कुठे ठेवलंस

११ जानेवारी

आई, खुशाली विचारायला लिहीत नाहीये. तू पण आमची विचारू नकोस. एकच विचारायचंय, बी कुठे आहे?

आत्या म्हणते तू नेलंस. बाबा काही म्हणत नाहीत, ते कधी म्हणतात. कोठीत पाहिलं, तांदळाच्या पिंपामागे पाहिलं, तुझ्या कपाटाचे सगळे खण उपसले. आत्याने तुझी लग्नातल्या किमोनोची पेटी पण उघडली. मी नको म्हणणार होते, पण आवाज निघाला नाही, नेहमीसारखा. मग ती पेटीतले कपडे एकेक झटकून बघत होती आणि मी दारात उभी राहून बघत होते. काही मिळालं नाही. कपडे परत घड्या करून मीच ठेवले. नीट नाही ठेवले.

पुढच्या महिन्यात पेरायचंय. ओकाहिजिकीचं बी एकाच हिवाळ्याचं असतं, हे तूच सांगायचीस. या वर्षी पेरलं नाही तर पुढच्या वर्षी पेरायला काही उरत नाही. आपल्या घरची भाजी संपली. मुळ्याचं बी नाही ते, की आकायू गावातल्या दुकानात जाऊन पाकीट आणलं. आणि दुसऱ्या कुठल्या घराकडे मागायचं? या वाडीत कुणी कुणाला बी देत नाही. शेजारच्या होत्तांची म्हातारी दवाखान्यात गेली ती बी कुठे ठेवलंय ते सुनेला न सांगताच गेली. मिनाको काकू तेव्हापासून टोमॅटो लावते. येणारे-जाणारे तिच्या पॉलिहाऊसकडे बघतात आणि काही बोलत नाहीत, ते तिला कळतं.

बी सुनेकडून सुनेकडे जातं. लेकीला सांगायचं नाही, कारण लेक उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार आणि पदरात बांधून घेऊन जाणार. म्हणून तू मला कधी सांगितलं नाहीस. नोव्हेंबरात झाडं झोडायला मी पाहिजे असायचे, काटे माझ्या हातात शिरायचे, पण झोडून झालं की तू म्हणायचीस, जा आता अभ्यास कर. पुढे बी कुठे जातं ते मी पाहिलेलं नाही.

सून पण जाऊ शकते हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फोन करू नकोस. फोनवर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही हे तुला माहितेय. तू तिकडून हॅलो हॅलो करत राहतेस आणि मी श्वास घेत राहते, आणि आत्या बाजूला बसून ऐकते. पत्र लिही. फक्त जागा लिही.

नात्सुहो


२५ जानेवारी

तुझं पत्र आलं. खूप पानं आणि त्यात बीबद्दल एक ओळ, "मी काही नेलेलं नाही, आणि तू बीचा विचार सोड."

नेलं नाहीस म्हणजे इथेच आहे. मग कुठे ते सांगायला तुझं काय जातं?

बाकीची पानं मी एकदा वाचली. साकातात समुद्राकडे तोंड करून खानावळ आहे, मालकीण चांगली आहे, वरची खोली मोठी आहे, दोघींना पुरेल. सोबत त्या घरबसल्या शिकायच्या शाळेचं माहितीपत्रक. त्यावर ती हसणारी मुलं. महिन्यातून दोनदाच जायचं, कुणी उभं करून वाचायला लावत नाही, असं तू खाली पेनाने रेघ मारलीयस.

त्या रेघेबद्दल बोलू. सरांनी मला उभं केलं होतं आणि आवाज येईपर्यंत बसायचं नाही म्हणाले होते. तास संपेपर्यंत मी उभी होते. ते झालं, संपलं असतं. मुलं दोन दिवस हसली असती आणि विसरली असती. पण तू दुसऱ्या दिवशी शेतातले बूट घालून शाळेत आलीस आणि शिक्षकांच्या खोलीत एवढं ओरडलीस की वरच्या मजल्यावर ऐकू आलं. आमच्या घराण्यातली मुलगी काय, तिचा जन्म काय, मी लहानपणी कधी बोलायला लागले ते काय. सगळ्या शाळेने ऐकलं. त्यानंतर मला तिथे पाय ठेवता येईना. शाळा सरांनी नाही सोडायला लावली. माझ्या वाटचं तू ओरडून घेतलंस, म्हणून सुटली.

आता परत माझ्या वाटचं काहीतरी करतेयस असं वाटतंय. काय ते कळत नाहीये.

वाळवलेले मासे पाठवलेस ते आत्याने शेजारी देऊन टाकले. बाबांनी एक लपवून ठेवला आणि गाडीत बसून खाल्ला. या वर्षी बर्फ काढायच्या गाडीवर रोज पहाटेपासून आहेत, घरी येतात ते झोपायलाच.

जागा लिही.

नात्सुहो


८ फेब्रुवारी

आता नाही लिहिलीस तरी चालेल. बी मिळालं.

आत्याला मिळालं. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, लोणच्याच्या मिठाच्या डब्यामागे, काचेच्या बरणीत. तुझ्याच हातचं कापड झाकणाला बांधलेलं होतं. आत्याने बरणी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली आणि सगळ्यांकडे असं बघितलं, जसं काही अंडं तिनेच घातलंय. म्हणाली, बघा, एवढं काय अवघड होतं, या सुना उगीच देव्हाऱ्यातली गोष्ट असल्यासारखं करतात. बाबा हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मग पेरलं. वाफे मी केले. मीठ-पाणी मी घातलं, तू घालायचीस तसं, मूठभर मीठ आणि बादली, म्हणजे बाकी गवत येत नाही आणि हिला मात्र बरं वाटतं. बाबांनी हीटर दुरुस्त केला. आत्या पॉलिहाऊसच्या दारात उभी राहून सांगत होती की तिच्या आईच्या काळी कसं पेरायचे. तिने कधी पेरलेलं नाही, ती पण लेकच ना या घरची, सासरहून परत आलेली. हे तिच्या लक्षात आलं आणि मध्येच गप्प झाली.

तुझ्यावाचून अडत नाही, एवढंच कळवायचं होतं.

नात्सुहो


२७ फेब्रुवारी

काही उगवलेलं नाही.

एक कोंब नाही. मी माती उकरून पाहिली. बी जसंच्या तसं आहे, नखाने दाबलं की पीठ होतं.

आत्या म्हणते तू बरणीत काहीतरी घातलंस. मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही असं म्हणणार होते, पण मी ठेवते. असं कोण करतं, बरणीला कापड बांधून, फळीवर ठेवून, म्हणजे आपल्यालाच सापडावी. बाबा पॉलिहाऊसमध्ये जातात, वाफ्याकडे बघतात, हीटर बंद करतात, परत लावतात. काल म्हणाले, टोमॅटोची रोपं मागवावी का. ते म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

पहिली ओकाहिजिकी आपल्या घरून जायची. मार्चच्या शेवटी, बाकी सगळं बर्फाखाली असताना. योनेझावा शहरातला तो दुकानदार अजून विचारतोय. बाबा त्याला म्हणाले थोडा उशीर होईल. त्यांना खोटं बोलता येत नाही, कानापर्यंत लाल झाले.

त्या बरणीत काय होतं ते तरी सांग.

नात्सुहो


७ मार्च

वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा खरं वाटलं नाही.

बरणीतलं बी मागच्या वर्षीचं होतं. उरलेलं. मेलेलं, पण टाकवलं नाही म्हणून ठेवलं होतंस. हे ठीक आहे. मेलेलं बी पेरणारी माणसं आम्हीच, त्याला तू काय करणार.

पण पुढचं. तू लिहितेस की यंदाचं बी ओल्या वाळूत घालून जमिनीत ठेवलंय, जसं दर वर्षी ठेवतेस, कारण बर्फाखाली झोपल्याशिवाय ते उठत नाही. आणि बर्फ वितळून पाणी आत शिरायच्या आधी काढलं नाही तर सडतं. आणि तू सांगणार नाहीस. आणि का सांगणार नाहीस, तर माझ्यासाठी.

तुझंच वाक्य परत लिहिते, म्हणजे तुला ते कसं दिसतं ते कळेल. "ही भाजी नाही, दावं आहे. माझ्या गळ्यात माझ्या सासूने घातलं, मी तुझ्या गळ्यात घालणार नाही. बी गेलं की तुला त्या घरात धरून ठेवणारं काही उरणार नाही. मग तू येशील."

अगं पण मला विचारलंस का? कुणी विचारलं? सर म्हणाले उभी राहा. तू म्हणालीस चल घरी. आत्या म्हणाली शाळा नाही तर शेत कर. आता तू म्हणतेस शेत नाही तर समुद्र. मी बोलत नाही म्हणजे मला काही नकोच असतं असं तुम्ही सगळ्यांनी धरून चालता.

मला शेत आवडतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पॉलिहाऊसमध्ये शेंडे खुडत असताना कुणी माझ्याशी बोलत नाही आणि ते बरं असतं. कात्री नको, बोटांनीच, नखभर वरून, म्हणजे खाली परत फुटतं. माझ्या खुडलेल्या वाफ्याला बाबा हात लावत नाहीत, थेट पेट्यांत भरतात. असं माझं दुसरं काही नाही, ज्याला कुणी परत हात लावत नाही.

आणि तू ते मारायला निघालीस. दुरून. नुसतं गप्प बसून. मला वाटायचं गप्प बसणं मलाच येतं.

तू लिहितेस साकाताच्या किनाऱ्यावर ती आपोआप उगवते, वाळूत, कुणी राखत नाही, कुणी खुडत नाही, तरी दर वर्षी येते. येत असेल. ती खाऊन बघ. दोरी चावल्यासारखी लागेल.

आणि मग शेवटी ते आत्याला मारलेले टोमणे. तिने तुझी पेटी उघडली ते मी लिहायला नको होतं. तू लिहितेस, "कियोनोताईंना सांग, यंदा स्वयंपाकघरात छान उजेड असेल. छपरावरचं बर्फ उतरवताना यंदा कुणी हुज्जत घातली नसेल ना."

थांब.

खरंच यंदा स्वयंपाकघरात उजेड आहे. दर वर्षी उत्तरेच्या छपरावरचं बर्फ तू बाबांना सगळ्यात आधी खाली ओढायला लावायचीस आणि ते सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीवर यायचं. खिडकी बुजायची. दिवसा दिवा लावून तू भाजी चिरायचीस आणि आत्या म्हणायची, काय हट्ट आहे बाई, घुशीसारखं अंधारात राहायचं. एप्रिलपर्यंत तो ढीग तिथे असायचा. सगळीकडचं बर्फ गेलं तरी तिथलं असायचं.

मी बाहेर जातेय.


७ मार्च, संध्याकाळ

सापडलं. खिडकीच्या बरोबर खाली, मातीचं मडकं, झाकणावर दगड.

चुकून लिहिलंस की मुद्दाम, ते मला विचारायचं नाही. तू पण सांगू नकोस.

इतकी वर्षं त्या अंधारात बसायचीस बीसाठी, आणि कुणाला बोलली नाहीस. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. वाटलं असतं तरी लिहिलं नसतं.

बाकीचं नंतर. हात सुन्न झालेत.


१६ मार्च

तू लागोपाठ दोन पत्रं पाठवलीस. दोन्हीत तेच, बी जिवंत होतं का. आता बरी काळजी लागली.

सांगते. तुला बरं वाटावं म्हणून नाही. झालं कसं ते कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून.

यंदा बाबांनी दक्षिणेच्या छपरावरचं बर्फ आधी उतरवलं, तिकडे गाडी लावायची म्हणून. उत्तरेकडचं तसंच राहिलं, अर्धं छपरावरच वितळून पन्हाळीतून गेलं. त्यामुळे खिडकीखाली ढीग असा झालाच नाही, कमरेएवढाच होता. मी खणायला लागले तेव्हा खालचं बर्फ आधीच पाणचट झालं होतं. मडक्यात पाणी गेलेलं होतं. झाकण काढलं तर वाळू दिसेना. सगळ्यावर पांढरे धागे. एकमेकांत गुंतलेले, ओल्या लोकरीसारखे.

मोड आले होते. सगळ्याला एकदम.

आत्या बाहेर आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, गेलं. मोड आलेलं बी म्हणजे गेलेलं बी, टाक ते. मी मडकं पोटाशी धरलं आणि पॉलिहाऊसमध्ये नेलं. एक धागा काढून बघितला. खालचं टोक माती शोधत होतं. गेलेलं बी असं शोधत नाही.

पण ते सुटे करायला पाहिजे होते आणि त्याच दिवशी मातीत जायला पाहिजे होते. मोकळे केले की वाळतात आणि तसेच ठेवले की कुजतात. मी एक वाफा लावून होईपर्यंत उजेड जाणार होता आणि मडकं तर भरलेलं होतं. बाबा गाडीवर. आत्या आत जाऊन टीव्ही लावून बसली.

मी होत्तांकडे गेले.

तुला माहितेय मी होत्तांकडे शेवटचं कधी गेले होते, तू हाताला धरून म्हातारीच्या अंत्यविधीला नेलं होतंस तेव्हा. दार वाजवलं. मिनाको काकू दार उघडून माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, काय गं, कोण गेलं? मी मान हलवली. ती म्हणाली, मग आई आली का? परत मान हलवली. ती दार लावून घेणार असं मला वाटलं. लावलंच असतं, गॅसवर काहीतरी होतं तिचं.

"बी सापडलंय," मी म्हणाले. "मोड आलेत. आजच लावायला पाहिजे. माझे हात पुरत नाहीत."

माझा आवाज कसा आहे हे मी विसरले होते. जाड आहे.

मिनाको काकूला आधी बहुतेक आवाजाचंच आश्चर्य वाटलं. मग बी म्हणजे कसलं बी ते डोक्यात शिरलं आणि ती एक पाऊल मागे गेली. म्हणाली, मला कशाला सांगतेस पोरी, तुझी आत्या मला सोलून मीठ लावेल. तुमचं बी माझ्या डोळ्यांनी बघायचं पण नसतं.

"अर्धं तुमचं," मी म्हणाले.

तिने आत जाऊन गॅस बंद केला, बूट घातले, आणि वाटेत एकदाच बोलली, की सासूचं बी तिने बर्फ जाईपर्यंत शोधलं होतं, आवार सगळं खणलं होतं, आणि मे महिन्यात विहिरीमागे आपोआप उगवलेलं दिसलं, पण तोवर पिवळं पडून गेलं होतं. हे तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. लोक म्हणाले असते, सुनेला एवढं पण सापडलं नाही.

आम्ही लावायला बसलो. बोटांनी धागे तुटत होते म्हणून मी जेवायच्या काड्या आणल्या. एकेक धागा काडीने उचलायचा, खड्डा, ठेवायचा, माती. थोड्या वेळाने दारात आत्या. तिला खिडकीतून दिसलं असणार, यंदा खिडकीतून दिसतं ना.

मी तुला जसंच्या तसं सांगते. म्हणाली, एक सून पळाली आणि लेक घर वाटायला निघाली, वा रे वा, उद्या देवघरातल्या पूर्वजांच्या पाट्या पण वाटून टाक. मिनाको काकू खाली मान घालून म्हणाली, कुणीतरी लावतंय ना, कियोनोताई. आत्या म्हणाली, तू बोलू नकोस टोमॅटोवाली. मग माझ्याकडे वळली. म्हणाली, हे बी या घराबाहेर गेलेलं नाही, माझ्या आजीच्या आजीपासून नाही, मला पण दिलेलं नाही, माझ्या लग्नात मी रडून मागितलं होतं, चिमूटभर, तरी दिलेलं नाही. आणि तू मडकं घेऊन रस्त्याने चाललीस.

मला उत्तर देता आलं असतं, त्या दिवशी आवाज होता. पण धागे वाळत होते.

"आत्या, लांब काड्या आहेत का?" मी म्हणाले. "तळणाच्या. या आखूड पडतात."

ती उभी राहिली. मग गेली. मला वाटलं गेलीच. परत आली तेव्हा तिच्या हातात तळणाच्या काड्या होत्या, तीन जोड, आणि बसायला पाट. बसली आणि शिव्या देत देत लावायला लागली. तुला शिव्या, मला शिव्या, मिनाको काकूला, तिच्या मेलेल्या सासूला. हात मात्र काय हलका आहे तिचा. आम्हा दोघींचे धागे तुटत होते, तिचा एक तुटला नाही. मध्येच म्हणाली, असं दिसतं होय हे. बस, एवढंच.

अर्धं मडकं मिनाको काकूने नेलं. तिने टोमॅटोच्या रोपांचे ट्रे बाहेर व्हरांड्यात काढले आणि त्यांच्या वाफ्यात लावलं. बाबा आले तेव्हा आम्ही तिघी होत्तांच्या पॉलिहाऊसमध्ये होतो. बाबा दारात आले. आत्याने त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, माझा गुन्हा, तुझा गुन्हा. बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, लावून झालं का. मी म्हणाले, थोडं राहिलंय. ते म्हणाले, पाणी कोमट करून घाला, गार घालू नका. आणि कोट काढून बसले.

पुष्कळ मेलं. पुष्कळ जगलं पण.

आता तू लिहिशील की बघ, माझ्यामुळे शेजाऱ्याशी बोललीस. लिहू नकोस.

नात्सुहो


२० एप्रिल

नाही, पाठवणार नाही. एक जुडी पण नाही. पोस्टाने दोन दिवस लागतात आणि शेंडे मऊ पडतात. आणि तसं नसतं तरी पाठवली नसती.

पहिली खुडणी उशिरा झाली, पण झाली. घरी उकळत्या पाण्यात घालून लगेच काढली, मोहरीची चटणी आणि सोया सॉस. आत्या म्हणाली एक सेकंद जास्त झाली. मग परत वाढून घेतली. दुकानदार म्हणाला यंदा ठेंगणी आहे पण करकरीत आहे. होत्तांची पण गेली, आमच्यासोबतच्या पेट्यांतून. वाडीत दोन दिवस फक्त तेच चाललं होतं. मिनाको काकूला एका म्हातारीने रस्त्यात अडवून विचारलं, बी कुणाचं. ती म्हणाली, नात्सुहोने दिलं. घराचं नाव नाही घेतलं, माझं घेतलं. आता लोक मला रस्त्यात थांबवतात. मला ते आवडत नाही. मी मान हलवून पुढे जाते.

तू मागच्या पत्रात लिहिलंस की मी बी वाचवून स्वतःच्या हाताने दावं बांधून घेतलं. तू हे लिहिणार हे मला ठाऊक होतं, म्हणून उत्तर तयार आहे.

दाव्याचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात असावं लागतं. तुझं होतं, सासूच्या हातात, मग आत्याच्या. माझं नाहीये. बी आता होत्तांकडे आहे. ते कसं झोपवायचं ते मिनाको काकूला माहितेय, आत्याला माहितेय, बाबांना पण मी बसवून सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात चार जण ते करू शकतात. मी उद्या सकाळच्या गाडीने निघून गेले तरी या वाडीत ओकाहिजिकी राहील. तुला जाताना जी लाज वाटली, आपल्यामागे सगळं बुडणार म्हणून, ती मला वाटणार नाही.

आणि तरी मी जात नाहीये.

तुला हेच सोसवणार नाही, मला माहितेय. कुणी धरून ठेवलं असतं तर तू धावत आली असतीस आणि त्यांच्यावर ओरडली असतीस. आता कुणावर ओरडशील?

नात्सुहो


३ ऑगस्ट

उन्हाळाभर तू पत्र लिहिलं नाहीस. आणि आता एकदम हे. ओबोनला पूर्वजांचे दिवे लावायला यावं का, बाबा काय म्हणतील, आत्या दारात उभी करेल का.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, तिचं घर आहे, आणि लगेच म्हणाले, नसेल तर तसं. म्हणजे तू काय समजायचं ते समज. आत्याला विचारलं नाही. ती दारात उभी करेल. ऊन असतं ओबोनला, टोपी घाल.

पण मी असते तर ओबोनला आले नसते. दिवे लागतात, पाहुणे येतात, सगळे गोड बोलतात आणि मनात काय ते कुणी काढत नाही. यायचंच असेल तर नोव्हेंबरात ये. बाहेरच्या शेतातली बियांची झाडं मी जूनपासून खुडलेली नाहीत. आत्ताच गुडघ्याएवढी आहेत, टोकं कडक व्हायला लागलीत. पहिलं गोठलेलं दव पडलं की लाल होतील, मग वाळतील, मग झोडायला घ्यायची. आमचं आणि होत्तांचं एकाच दिवशी झोडायचं ठरलंय, आमच्या अंगणात. माणसं कमी पडणार आहेत.

मी तुला माफ केलेलं नाही. तू आलीस तर मी बोलेन असं पण नाही, झोडताना मी कुणाशीच बोलत नाही. साकातावरून सकाळी निघालीस तर दुपारपर्यंत पोचशील, अर्धं काम बाकी असेल.

हातमोजे तुझे तू आण. तुझे जुने मी घालते, ते आता माझ्या हाताचे झालेत.

नात्सुहो